कै. टग्याशेठ यांना वाहिलेली श्रद्धांजली मागे घेण्याबाबत

काळाचौकीतल्या उगवता तारा बालमित्र मंडळाचं (नोंदणीकृत) कार्यालय दर रविवारी दुपारी तीन ते सहा रिकामं असतं, कारण त्या वेळात मंडळाचे सगळे बालमित्र झोपलेले असतात. बालमित्रांचं सरासरी वय एकसष्ट आहे. सर्वांत लहान बालमित्राला गेल्या वर्षी नातू झाला.

ही रिकामी जागा आम्हाला हवी होती. आम्ही म्हणजे मी इरावती, मानसी, मनवा आणि ध्रुव. चौघंही नववीत, आणि चौघांच्याही घरात टेबल एकेकच, ज्यावर आधीच मिक्सर, इस्त्रीचे कपडे आणि कुणाचा तरी भाऊ असतो. आमच्या खेळाला अख्खं टेबल लागतं. खेळ असा: एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि काहीही करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकतात. मोठा आकडा पडला तर जमलं, छोटा पडला तर फसलं. गोष्ट मी सांगते. मानसी जंगलातली तिरंदाज, ध्रुव जादूगार, मनवा चोर. मनवाला चोर हो म्हणून आग्रह करावा लागला नाही.

आमच्या राज्यात राक्षस आहेत, बोलणारी झाडं आहेत, आणि मला आवडतात म्हणून डायनोसॉर आहेत. "जादूच्या राज्यात डायनोसॉर कुठून आले?" असं ध्रुवने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. जो मुलगा बोटातून आग काढतो त्याने असले प्रश्न विचारू नयेत, असं मी त्याला समजावलं.

त्यातला टग्या हा मानसीचा. चौदा महिन्यांपूर्वी एका गुहेत तिला अंडं सापडलं, तिने ते तीन रविवार अंगाखाली उबवलं, आणि त्यातून टी-रेक्स निघाला. टेबलावर त्याच्या जागी दादरच्या फुटपाथवर घेतलेला एक वीतभर, आत कापूस भरलेला रबरी टी-रेक्स असतो, ज्याचा डावा डोळा आम्ही पेनाने काढलाय. टग्याला अग्निबेटावर, त्याच्या माणसांत, म्हणजे त्याच्या डायनोसॉरांत नेऊन सोडायचं असं मानसीने ठरवलं होतं. तिच्याकडे वेळ कमी होता. त्यांची बिल्डिंग पाडणार होते आणि एकतीस ऑगस्टला टेम्पो येऊन त्यांचं घर उलव्याला जाणार होतं.

"तो पोचला पाहिजे हां," ती मला म्हणाली. "मी गेल्यावर तुम्ही त्याला उपाशी माराल. मला माहितीय तुम्ही कसे आहात."

म्हणून आम्ही जागेसाठी रीतसर अर्ज केला.

मंडळाचे सेक्रेटरी तात्या अत्यंत चांगले गृहस्थ आहेत. त्यांना कुणाला नाही म्हणवत नाही आणि रिकामा रकाना बघवत नाही. त्यांनी चष्मा लावून घटनेतलं कलम सात वाचलं. बाल सभासदांच्या कार्यक्रमास किमान एक प्रौढ सभासद हजर असला पाहिजे.

"मग तुम्ही या ना, तात्या," मी म्हणाले.

"तीन ते सहा मी नसतो गो."

"कुठे असता?"

"घरीच. पण नसतो."

बाकीचे बालमित्रही तीन ते सहा याच प्रकारे नसतात. तात्यांनी पेन हवेत धरलं. 'प्रौढ सभासदाचे नाव' हा रकाना त्यांच्याकडे बघत होता. त्यांची नजर टेबलावर गेली.

"हा कोण?"

"टग्या," मानसी म्हणाली. "टी-रेक्स आहे."

"वय?"

"चौदा महिने."

"चौदा महिने नाही चालणार. अठरा पूर्ण लागतात. पण हे प्राणी जुने ना गो? माझ्या नातवाच्या पुस्तकात बघितलेत मी."

"साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे," ध्रुव म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"मग अठरा पूर्ण आहेत," तात्या म्हणाले, आणि त्यांनी सुंदर अक्षरात वय लिहिलं. साडेसहावर किती शून्यं, ते मनवाने मोजून दिलं. आडनाव नव्हतं, म्हणून रकाना भरण्यासाठी त्यांनी 'शेठ' लावलं. धंद्याच्या जागी 'निवृत्त' लिहिलं. पाचच मिनिटांत टग्याशेठ उगवता तारा बालमित्र मंडळाचे आजीव सभासद झाले आणि आम्हाला किल्ली मिळाली.

तीन रविवार फार छान गेले. टग्या एक नदी पोहून गेला आणि त्याने एक सरदार खाल्ला.

पण मंडळाला घटना आहे, आणि घटनेत कलम चौदा आहे. वयाने सर्वांत ज्येष्ठ सभासद हा मंडळाचा ज्येष्ठ सल्लागार, आणि गणपतीत पहिल्या दिवशीच्या पहिल्या आरतीचा मान त्याचा. हा मान वीस वर्षं कोंडीराम आजोबांकडे होता. ते सत्त्याण्णव वर्षं जगले. दुसऱ्या नंबरवर अप्पा होते, वय शहाऐंशी, महापालिकेत नव्हे पण तशाच एका कचेरीत जन्म-मृत्यू नोंदणीला वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त. अप्पा अकरा वर्षं दुसऱ्या नंबरवर होते. रोज सकाळी ते कोंडीराम आजोबांच्या तब्येतीची चौकशी करायला जायचे. चौकशी अगदी मनापासून असायची, पण कुठल्या बाजूने ते त्यांना कुणी विचारलं नाही. गेल्या हिवाळ्यात कोंडीराम आजोबा गेले. अप्पांनी रेशमी झब्बा शिवायला टाकला.

मग कार्यक्रमपत्रिकेचं प्रूफ आलं. त्यात पहिल्या ओळीत छापलं होतं: प्रथम आरती, शुभहस्ते ज्येष्ठ सल्लागार श्री. टग्याशेठ.

अप्पा रविवारी साडेतीनला कार्यालयात आले. हातात प्रूफ होतं.

"हे टग्याशेठ कोण?"

आम्ही चौघांनी टेबलाकडे बोट दाखवलं. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे रबरी आहेत."

"हो," मी म्हणाले. "पण वयाने मोठे आहेत."

तात्यांना झोपेतून उठवून आणलं. ते बनियनवर आले. "अप्पा, माझं काही वैयक्तिक नाही हो," ते म्हणाले. "तुम्ही शहाऐंशी. ते साडेसहा कोटी. थोडा तरी जवळचा आकडा असता तर मी काही केलं असतं."

प्रकरण अध्यक्षांकडे गेलं. रामदासकाका बावीस वर्षं अध्यक्ष आहेत, कारण घटनेतलं अध्यक्षाच्या मुदतीचं पान वाळवीने खाल्लंय. त्यांनी अप्पांचं सगळं ऐकून घेतलं. एक रबरी बाहुला आरती कशी करणार, असं अप्पा म्हणाले. त्यावर रामदासकाका म्हणाले की मान असणं वेगळं आणि आरती करणं वेगळं, कोंडीराम आजोबांचाही शेवटची चार वर्षं हात कुणीतरी दुसरंच फिरवत होतं.

"सभासदाचं नाव कमी करायचे तीनच मार्ग, अप्पा. लेखी राजीनामा, सलग तीन सभांना गैरहजेरी, किंवा मृत्यू."

राजीनाम्यावर सही लागते. टी-रेक्सचे पुढचे हात इतके आखूड की कागदापर्यंत पोचत नाहीत. अंगठा घ्यावा तर हाताला दोनच बोटं, त्यात अंगठा कुठला हे ध्रुवलाही सांगता येईना. गैरहजेरीचं पाहिलं तर टग्याशेठ आल्यापासून टेबलावरून हललेच नव्हते, सगळ्या सभा त्यांच्या समोरच झाल्या होत्या. हजेरीपटावर शंभर टक्के उपस्थिती असलेले ते मंडळाच्या इतिहासातले पहिले सभासद होते. रामदासकाकांनी ही गोष्ट थोडी सुनावल्यासारखीच सांगितली.

"म्हणजे तिसरा मार्ग," अप्पा म्हणाले, आणि पुढच्या रविवारी पावणेतीनलाच येऊन खुर्ची धरून बसले. "मला खेळायचंय."

आमच्या खेळात कुणालाही नाही म्हणत नाहीत. मी विचारलं, "तुम्ही कोण होणार? योद्धा, जादूगार, चोर?"

"वरिष्ठ लिपिक."

"तसं काही नसतं, अप्पा."

"राज्य आहे ना? मग असतोच. तुम्हाला दिसत नाही एवढंच."

हे मला पटलं. मी कागदावर लिहून घेतलं. शस्त्राच्या जागी त्यांनी 'नोटीस' लिहायला लावलं.

आमची मंडळी तेव्हा एका उंच कड्यावर पोचली होती. समोर खाली समुद्र, समुद्रात अग्निबेट. होडी बांधली की झालं. मानसीने टग्याच्या गळ्यात वेलींची दोरी बांधली आणि म्हणाली, "बस ना रे आता, एवढंच राहिलंय."

"मी त्याला नोटीस बजावतो," अप्पा म्हणाले.

"कसली?"

"विनापरवाना अस्तित्व. कड्याच्या टोकाला, खडकाच्या समुद्राकडच्या बाजूला चिकटवतो. नोटीस दर्शनी भागावर लावायची असते, पण वाचता येईल अशी लावावी असं कुठे म्हटलंय?"

"अप्पा, टग्याला वाचता येत नाही," मानसी म्हणाली.

"सभासद होताना येत होतं. फॉर्मवर 'वाचून मान्य' अशी खूण आहे."

हे खरं होतं. तात्यांनी सगळेच रकाने भरले होते. मी म्हटलं, ठीक आहे, वीस पडले तरच टग्या वाकून वाचायला जाईल. एकोणीस पडले तरी नाही. मला वाटलं मी मानसीला वाचवलं. अप्पांनी फासा दोन्ही तळव्यांत धरला, सत्तावीस वर्षं शिक्का मारलेल्या मनगटाने एक झटका दिला, आणि तो टेबलभर फिरून टग्याच्या पायाशी थांबला. वीस.

मला काहीही करता आलं असतं. वारा आणता आला असता, नोटीस उडवता आली असती. पण नियम मीच सांगितला होता. टग्या नोटीस वाचायला पुढे वाकला, आखूड हातांनी त्याला काही धरता आलं नाही, आणि तो पडला.

 मानसीने फासा उचलून माझ्यासमोर ठेवला.

"तू पण तात्याच आहेस," ती म्हणाली.

आता खरं तर अप्पांचं काम झालं होतं. पण अप्पा नोंदणीतले माणूस. नोंद झाल्याशिवाय कुणी मरत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी तात्यांकडे मृत्यूची लेखी खबर दिली, साक्षीदार म्हणून आम्हा चौघांची नावं घातली, आणि तात्यांनी रजिस्टरमध्ये टग्याशेठच्या नावापुढे 'कै.' लावलं.

ज्येष्ठ सल्लागार निधन पावल्यास मंडळाचे सर्व कार्यक्रम तेरा दिवस बंद. किल्ली परत गेली. मानसीचा एक रविवार गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर फ्लेक्स लागला.

फ्लेक्स मोठा होता. मध्ये टग्या, पेनाने काढलेल्या डाव्या डोळ्यासकट. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'आमचे मार्गदर्शक, आधारवड, ज्येष्ठ सल्लागार कै. टग्याशेठ'. आणि चारी बाजूंनी शोकाकुल. शोकाकुल एकूण अठ्ठावीस होते, त्यातले सहा गॉगल लावून शोकाकुल, तीन हसत, आणि एक कानाला मोबाइल लावून, कारण त्याच्याकडे तो एकच फोटो चांगला आहे. सर्वांत वर, सर्वांत मोठे, ज्येष्ठतेनुसार अप्पा.

"डायनोसॉर आहे हे कुणालाच दिसत नाही का?" ध्रुवने मला विचारलं.

"मधे कोण आहे ते कुणी बघतं का?" मनवा म्हणाली. "सगळे आपापला फोटो बघतायत."

शोकसभेला हॉल भरला. भावी नगरसेवक अमितदादा आले. ते मी पहिलीत असल्यापासून भावी आहेत. हात जोडून, डोळे मिटून ते म्हणाले, "टग्याशेठ आणि माझे घरचे संबंध होते. परवाच त्यांच्या हातचा चहा प्यालो. कधीही हाक मारा, माणूस धावत यायचा."

"धावत यायचा हे बरोबर आहे," मनवा माझ्या कानात म्हणाली.

एका काकांना टग्याशेठनी नोकरी लावली होती. सीमाकाकूंच्या मुलीच्या लग्नात त्यांनी दिलेला मिक्सर अजून चालतोय. एकाने सांगितलं की ते वरून कडक वाटायचे पण आतून मऊ होते. तोच एक खरं बोलला. टग्याला आतून कापूस आहे.

शेवटी, ज्येष्ठ म्हणून, अप्पांना बोलावं लागलं. सगळे रडवेले झाले होते, त्यामुळे अप्पाही रडवेले झाले. "असा माणूस पुन्हा होणे नाही," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले. त्याच भरात अमितदादांनी ठराव मांडला की या थोर व्यक्तीच्या स्मृतीसाठी यापुढे कायमस्वरूपी पहिल्या आरतीचा मान टग्याशेठच्या प्रतिमेलाच द्यावा. टाळ्या झाल्या. ज्येष्ठाने अनुमोदन द्यायची मंडळाची पद्धत आहे. दोनशे माणसं अप्पांकडे बघत होती. अप्पांनी अनुमोदन दिलं. टग्याला हार घालून ट्रॉफ्यांच्या काचेच्या कपाटात ठेवलं, आणि कपाटाला कुलूप लावून रामदासकाकांनी किल्ली खिशात टाकली.

तेरा दिवस संपले त्या रविवारी अप्पा आमच्याकडे आले. प्रौढ सभासद म्हणून तेच बसले, म्हणून तर आत शिरता आलं. बराच वेळ ते कपाटाकडे बघत होते.

"त्याला परत आणता येतं का रे?" त्यांनी ध्रुवला विचारलं. "तुझ्यात तसलं काही आहे म्हणे."

मानसीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आता कशाला हवाय तुम्हाला?"

"जिवंत माणूस कधी ना कधी मरतो, पोरी. मेलेल्याचं काही करता येत नाही." मग ते म्हणाले, "आणि तुझा होता. मला आधी वाटलं नुसतं रबर आहे."

मानसीने खुर्ची सरकवून त्यांना टेबलाजवळ जागा दिली. ध्रुवने काचेतून मंत्र टाकला. सतरा पडले. मी जाहीर केलं की समुद्रातून दोन आखूड हात वर आले. अप्पा आणि मानसी दोघंही एकदमच श्वास सोडून हसले.

पण काचेचं कपाट उघडायला रामदासकाका लागतात, आणि रामदासकाका म्हणाले, "शोकप्रस्ताव मंजूर झालेल्या व्यक्तीने परस्पर जिवंत होणं हा मंडळाचा अवमान आहे. रजिस्टरला ते मयत आहेत. त्यांना हलवता येणार नाही. हयातीचा दाखला आणा."

"त्याला अंगठा नाही, दाखला कसा मिळणार," अप्पा म्हणाले. त्यांना या विषयातलं सगळं माहीत आहे. ते दर नोव्हेंबरला स्वतः जाऊन जिवंत असल्याचं सिद्ध करतात. एका वर्षी मशीनने त्यांचा अंगठा घेतला नाही तर दोन महिने ते नव्हते.

"दुसरं म्हणजे," रामदासकाका म्हणाले, "लोकांनी श्रद्धांजली वाहिलीय. वाहिलेली श्रद्धांजली पडून राहिली आणि माणूस फिरायला लागला, तर मंडळाचं तोंड काय राहील?"

तात्यांनी यावर मार्ग काढला. ज्यांनी ज्यांनी श्रद्धांजली वाहिली त्यांनी ती लेखी मागे घ्यायची. त्यांनी 'नमुना ड' तयार केला. सगळ्यांनी मागे घेतली की शोकप्रस्ताव आपोआप रद्द, टग्याशेठ हयात, कपाट खुलं. सभेतले लोक सोपे होते. पण फ्लेक्सचा फोटो व्हॉट्सअॅपवर गेला होता, काळाचौकीतून भोईवाड्याला, भोईवाड्यातून वडाळ्याला, आणि कुठून कुठे. तात्यांनी सगळ्या ग्रुपांतून यादी काढली. चारशे तेरा.

आम्ही पाच जण घरोघर फिरलो. अप्पा जिने चढायचे, मानसी फॉर्म धरायची.

"मी कधी वाहिली?" भोईवाड्याच्या राधाताई म्हणाल्या. मी त्यांना त्यांचाच फोन दाखवला. "अगं बाई. माझ्याआधी सहा जणांनी वाहिली होती ना, मग मीपण वाहिली. कोण गेलं होतं?"

"डायनोसॉर."

"फार लवकर गेला," त्या म्हणाल्या, आणि सही केली.

एका काकांनी हात जोडलेच नव्हते, केक पाठवला होता. त्यांना वाढदिवसाचा फ्लेक्स वाटला होता. एकाने एकाच मिनिटात श्रद्धांजली आणि 'लय भारी दादा' असं दोन्ही पाठवलं होतं. वडाळ्याच्या एका काकू सही करताना रडल्या. त्यांना टग्याशेठ आठवत होते. फोटो नीट बघितलेला एकही माणूस आम्हाला भेटला नाही, आणि सगळ्यांना पहिल्या वाक्याला खात्री होती की तो मी नव्हेच.

आज एकोणतीस ऑगस्ट आहे. उद्या शेवटचा रविवार, परवा टेम्पो. चारशे बारा सह्या झाल्यात. होडी बांधून तयार आहे. मानसी काचेपाशी खुर्ची टाकून बसलीय, अप्पा तिच्या शेजारी.

एक सही राहिलीय. नंबर आमच्याकडे सेव्ह नाही, नाव दिसत नाही, प्रोफाइलला गुलाबाचं फूल आहे. श्रद्धांजली सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी वाहिली आहे, फोटो उघडायच्या आधी. तात्यांनी शोध घेतला आणि तो बरोबर इथपर्यंत आला. तुम्ही म्हणाल, मी नाही. चारशे बारा जण तेच म्हणाले. फोन उघडा, वर सरकवत जा, हात जोडलेले सापडतील.

नमुना ड खाली जोडला आहे. फक्त सही करायची आहे. वाचलाच पाहिजे असं काही नाही. तेव्हाही तुम्ही वाचलं नव्हतं.